खुणा त्यांच्याच, फुल्याही त्यांच्याच

दादरच्या एका सभागृहात परवा एका स्टार्टअपने आपला 'सर्वांनी मिळून लिहायचा' ऑनलाइन कोश दाखवला. पडद्यावर तक्ता होता. त्यांच्या रकान्यात सगळ्या हिरव्या खुणा, विकिपीडियाच्या रकान्यात फुल्याच फुल्या. (तक्ता कोणी केला, हे सांगायला नकोच!)

घरी येऊन त्यांची सीएसएमटीची नोंद उघडली. इमारत म्हणे 1853 ची! अहो, 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. इमारतीचं काम सुरू झालं ते 1878 मध्ये. दुरुस्ती कळवली, तर 'तज्ज्ञांकडे पाठवली आहे' एवढंच उत्तर आलं. नोंद अजून तशीच.

विकिपीडियावर चुका नसतात असं नाही. मराठीत अर्धवट नोंदी तर रग्गड. पण तिथे 'इतिहास'वर टिचकी मारली की कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं, आणि चूक मलाच सुधारता येते. हा रकाना तक्त्यात नव्हता.

लेखक खऱ्या नावाने लिहितात, याचीही फुशारकी झाली. गूगलच्या 'नोल' या अशाच ऑनलाइन कोशानेही 2008 मध्ये त्यावरच भर दिला होता. 2012 मध्ये ते बंद पडलं. पुढच्या खेपेला दुरुस्तीला किती दिवस लागतात, तेवढं तक्त्यात टाका.

— एक वाचक, गिरगाव