मिरजेतल्या प्रार्थनेच्या खोलीबद्दल

लेस्टर (इंग्लंड), रविवार

प्रिय शैला,

तुमच्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत प्रार्थनेसाठी खोली काढायला ट्रस्टी तयार झाले, हे ऐकून फार आनंद झाला. आपण नर्सिंग शिकत होतो तेव्हा नातेवाईक जिन्याखाली बसून जप करायचे, व्हरांड्याच्या टोकाला चादर अंथरून नमाज पढायचे, आणि स्ट्रेचर आलं की वॉर्डबॉय त्यांना उठवायचे. मग त्यांनी जप, नमाज पुन्हा सुरुवातीपासून सुरू करायचा. हे थांबायलाच हवं होतं.

तू विचारलंस, भिंतीवर सगळ्या धर्मांची चित्रं ओळीने लावायची का? नको, शैला. आग्रहाने सांगते, नको. ‘सगळे देव एकच’ हे सभेत बोलायला छान आहे, पण ज्यांचं माणूस आत व्हेंटिलेटरवर आहे त्यांना आपलंच काहीतरी हवं असतं, लहानपणापासून जसं पाहिलं तसंच. समोर चित्रं असली की मुसलमान माणसाला तिथे नमाज पढणं अवघड होतं. आणि कोऱ्या भिंतीपुढे आपल्याकडच्या मावशींचे हात जोडले जात नाहीत. म्हणून भिंती मोकळ्या ठेव आणि एक मोठं, दारं असलेलं कपाट करून घे. कप्प्याकप्प्यांत विठोबा-गणपतीच्या तसबिरी, बायबल, जपमाळा, बुद्धमूर्ती, जानमाज (नमाजाची चटई). कुराण मात्र सगळ्यात वरच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून. ज्याचं त्याने काढावं, झालं की ठेवून दार लावावं. इथे आमच्या हॉस्पिटलात तसंच आहे आणि चालतं.

किब्ल्याची, म्हणजे नमाज पढताना तोंड करायच्या मक्केच्या दिशेची खूण छतावर किंवा जमिनीवर नीट मोजून करून घे. इथून मक्का आग्नेयेला येते, मिरजेहून ती पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकून येईल. पाय धुवायला बसता येईल असा खाली नळ, चपलांचा रॅक बाहेर, गुडघे गेलेल्यांसाठी चारदोन खुर्च्या, व्हीलचेअर जाईल एवढं दार. उदबत्ती आणि ज्योत नाही, त्यात तडजोड करू नकोस. वॉर्डात ऑक्सिजन असतो. बॅटरीची पणती लोक स्वीकारतात, कारण नीट सांगितलं तर.

पण खोली ही सोपी बाजू. अवघड असतो तो खाटेजवळचा प्रश्न. लेस्टरचं सांगते. २०२१ च्या जनगणनेत इथे २४.७ टक्के लोकांनी ख्रिस्ती, २३.५ टक्क्यांनी मुस्लिम आणि १७.९ टक्क्यांनी हिंदू असं नोंदवलं. एकाच वॉर्डात सगळे भेटतात. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून हाकललेली किती गुजराती घरं इथे येऊन वसली. त्यांतल्या एका आजींचा शेवट जवळ आला तेव्हा मुलगा म्हणाला, ‘बा’ला, म्हणजे आईला, जमिनीवर ठेवायचं आहे. खाली ठेवणं शक्य नव्हतं, नळ्या होत्या, खांदा दुखत होता. आम्ही पलंग अगदी खाली, जाईल तितका उतरवला. गिळता येत नव्हतं म्हणून स्पंज गंगाजलात बुडवून ओठ ओले केले, तुळशीचं पान जिभेवर न ठेवता ओठांशी टेकवलं. मुलाने हात जोडले. हे सुचवणारी होती आमची चॅप्लेन, म्हणजे पेशंटना आणि घरच्यांना धीर, आध्यात्मिक आधार द्यायला हॉस्पिटलने नेमलेली बाई, स्वतः चर्च ऑफ इंग्लंडची पाद्री. २०२० च्या साथीत नातेवाईकांना आत सोडत नव्हते, तेव्हा तीच एका मुसलमान बाबांच्या कानाशी फोन धरून उभी राहिली आणि मुलाने घरून कुराणातली यासीन सूरा म्हटली. तिने कुणालाही आपल्या देवाकडे ओढलेलं मी पाहिलेलं नाही. या कामाची पहिली अट हीच आहे.

सगळ्यांना सारखंच वागवलं की न्याय झाला, असं तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणेल. त्याला लंडनचं उदाहरण सांग. तिथल्या एका कॉरोनर बाईंनी (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकारी) ठरवलं होतं की धर्माच्या कारणावरून कुठल्याही मृतदेहाचं काम आधी हाती घेणार नाही. ज्यू आणि मुसलमान लवकरात लवकर दफन करतात. एका ज्यू दफनसंस्थेने दावा लावला आणि २०१८ मध्ये हायकोर्टाने तो नियम बेकायदा ठरवला.

आपल्या मिरज-सांगलीत तर इथल्यापेक्षा बारकावे जास्त. लिंगायत पेशंटला थिएटरमध्ये नेताना गळ्यातलं इष्टलिंग न विचारता काढायचं नाही. दंडाला बांधून, चिकटपट्टी लावून चालतं का ते आधी भूलतज्ज्ञांशी बोलून ठेव. पुष्कळ जैन आजी सूर्यास्तानंतर खात नाहीत, म्हणजे जेवणाची गाडी सात वाजता आली तर त्या उपाशी झोपणार. बौद्ध घरात मृत्यू झाला तर गंगाजल पुढे करू नका, त्यांना त्रिसरण-पंचशील म्हणायला जागा द्या. आडनावावरून धर्म ओळखायचा नाही. विचारायचं. केसपेपरवर एक ओळ छापून घे: ‘कठीण वेळी तुम्हाला कशाचा आधार वाटतो? कुणाला बोलावू?’ काहीच मानत नाही असं म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारायचा, कारण त्यालाही रात्री तीन वाजता भीती वाटते. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत धर्म न मानणाऱ्यांची काळजीही चॅप्लेनच्या कामात धरलेली आहे.

सिसिली सॉन्डर्स आठवतात ना? नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर, आणि १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं, शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारं. वेदना शरीराची, मनाची, घरादाराची आणि आत्म्याची अशी एकत्रच असते, असं त्या सांगत. मॉर्फिन देऊनही कण्हणारा पेशंट आपण दोघींनी पाहिलाय, त्याची मुलगी आली आणि तो शांत झोपला.

ट्रस्टींकडे खोलीबरोबर एक माणूस माग, पगारी. पुजारी, मौलवी, पास्टर, भन्तेजी यांचे फोन नंबर नर्सिंग स्टेशनला लावून ठेव, पण दिवसा वॉर्डात फिरून खाटेशी बसणारं कुणीतरी हवंच. तुमच्या सिस्टर्सकडे तेवढा वेळ नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? पैसे नाहीत म्हणाले तर कपाट साध्या प्लायचं कर आणि वाचलेले पैसे त्या पगाराला लाव. मीटिंग कधी आहे ते कळव. आमच्याकडे नव्या स्वयंसेवकांना जे शिकवतात त्याचे कागद मी मराठीत उतरवून त्याआधी पाठवते.

काकूंना नमस्कार. 

तुझी,
वैशाली