जेडचे मोल हिरवेपणात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील चिनी जेडच्या दागिन्यांवरचा लेख वाचून आलेली चीड आज, सोमवारीही ओसरलेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ‘जितका हिरवा, तितका अस्सल आणि तितका भाग्यकारक’ हे वाक्य आपण ठळक अक्षरांत छापले. नेमक्या याच शब्दांत दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातील विक्रेत्याने मला सुनेसाठी गर्द हिरवे कडे विकले होते. रत्नपारख्याने तपासले तेव्हा ती रंग चढवलेली गारगोटी निघाली. पैसे गेले ते गेले, पण नव्या सुनेच्या हातात मी खोटी वस्तू घातली, ही खंत अजून जात नाही.

चीनमधील विद्वानांनी जिवापाड जपलेला जेड हा प्रामुख्याने पश्चिमेकडील खोतान भागातल्या नद्यांत सापडणारा नेफ्राइट हा दगड होता आणि त्यातला सर्वांत मोलाचा प्रकार मेंढीच्या चरबीसारखा स्निग्ध, पांढरा असतो. जेड म्हणूनच ओळखला जाणारा दुसरा दगड, ब्रह्मदेशातला झळझळीत हिरवा जेडाइट, तेथे मोठ्या प्रमाणावर पोचला तो थेट १८व्या शतकात.

राहिला भाग्याचा प्रश्न. सज्जनाने कारणाशिवाय अंगावरचा जेड उतरवू नये, असे ‘लीजी’ या प्राचीन आचारग्रंथात सांगितले आहे, ते नशीब फळफळावे म्हणून नव्हे. कमरेला लटकवलेले जेड चालताना वाजत आणि तो नाद कानी असलेल्या माणसाच्या मनात वाईट विचाराला शिरकाव मिळत नाही, अशी त्यामागची धारणा होती. जेड दुर्मीळ म्हणून मोलाचा का, या शिष्याच्या प्रश्नाला त्याच ग्रंथात कन्फ्युशियस ‘नाही’ असे उत्तर देतो. जेडच्या मृदू चमकेत त्याला दया दिसते, कडा असूनही न कापण्यात न्याय दिसतो आणि स्वतःचा डाग न लपवण्यात निष्ठा दिसते. रंगाखाली सारे काही लपवणारे ते कडे मला हे वाचताना दर वेळी आठवते.

त्याच पानावरील छायाचित्राखाली ‘भाग्यवर्धक भुंगा’ असे छापले आहे, तो सिकाडा आहे. जमिनीखालून वर येऊन कात टाकणारा हा कीटक केवळ दवावर जगतो असे मानत, म्हणून तो निर्मळपणाचे प्रतीक ठरला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, चीनच्या हान राजवटीच्या काळात जेडचा सिकाडा मृताच्या जिभेवर ठेवून दफन करीत.

कृपया येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्ती छापावी. मागच्या खेपेप्रमाणे ती आतल्या पानाच्या तळाशी नको.

आपली नम्र,
एक जुनी वाचक, ठाणे