रात्रीची दारू आणि सकाळची व्हॅन

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी सव्वासहाला नातीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवताना चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला. विचारले तेव्हा तो म्हणाला, "रात की है माताजी, नींद हो गई, अब सब उतर गया." तो खोटे बोलत नव्हता, त्याची खरोखरच तशी समजूत होती. नातीला मी उतरवून घेतले, पण इतर मुलांच्या घरी फोन करीपर्यंत व्हॅन निघून गेली होती.

अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यामुळे या समजुतीबद्दल लिहिणे मला कर्तव्य वाटते. नशा उतरणे आणि दारू शरीरातून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटात गेलेल्या मद्यार्काचा ९० टक्क्यांहून अधिक भाग यकृतालाच निकामी करावा लागतो. श्वास, घाम आणि लघवी यांवाटे जातो तो फार थोडा. यकृताचा वेगही जवळजवळ ठरलेला असतो. रक्तातील प्रमाण ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने (दर १०० मिलिलिटरमागे) उतरते, काहींचे थोडे कमी, काहींचे थोडे अधिक. कडक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही, आणि झोपेनेही नाही. भरल्या पोटी प्यायल्यास दारू सावकाश चढते इतकेच.

हिशेब करून पाहावा. ७० किलो वजनाच्या पुरुषाने रात्री दहा ते बारा या वेळात ६० मिलिलिटरचे चार पेग व्हिस्की घेतली, तर मध्यरात्री त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे १३५ मिलिग्रॅम मद्यार्क असू शकतो. सकाळी सहाला, गाढ झोप होऊनही, तो ४५च्या आसपास उरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे वेलदोडा चघळून, तोंड धुऊन, ताजातवाना दिसणारा तो माणूस त्या वेळी कायद्यानेही गाडी चालवण्यास अपात्र असतो, आणि शरीर शुद्ध व्हायला नऊ वाजतात. तेवढ्यात त्याच्या दोन फेऱ्या होऊन गेलेल्या असतात.

इंदुरात चौकाचौकांत होणारी तपासणी माझ्या पाहण्यात आली ती रात्रीचीच. ती हवीच, पण ज्या वेळी रस्त्यांवर सर्वाधिक मुले असतात, त्या सकाळी सहा ते आठच्या दरम्यान शाळेच्या बस आणि व्हॅनच्या चालकांची श्वासचाचणी वाहतूक पोलिसांनी अचानक घ्यावी, आणि शाळांनी फाटकावर ती रोजची करावी. शिक्षेच्या भीतीइतकेच वरचे साधे गणित चालकांना हिंदीत समजावून सांगणेही गरजेचे आहे, कारण त्यांतील अनेकजण रात्री बाराला थांबलो म्हणजे आपण सावध राहिलो असेच मानतात.

आमच्या गल्लीतील पाच घरांनी मिळून श्वासचाचणीचे यंत्र विकत घेण्याचे ठरवले आहे. ते फाटकावर ठेवू द्यावे असा अर्ज शाळेकडे दिला असून त्याच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सुदामानगर, इंदूर