जुन्या मोटारींची खरी तपासणी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीस वर्षांपेक्षा जुन्या खासगी मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये शुल्क ठरवले. हेच शुल्क मार्च २०२२ पर्यंत सहाशे रुपये होते आणि एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले होते. माझ्याकडे १९९६ साली नोंदवलेली कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) मारुती ८०० आहे. कायद्याप्रमाणे पहिली पंधरा वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी वाढवून घ्यावी लागते, म्हणजे २०२१ साली सहाशे रुपयांत झालेल्या कामाला या खेपेस दहा हजार लागणार आणि राज्याचा पर्यावरण कर त्याखेरीज द्यावा लागणार. शुल्क भरायला माझी ना नाही. मात्र एवढे शुल्क घेतल्यावर गाडीची जी तपासणी होते तीवरून ती गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्याकडे आपल्या दैनिकाद्वारे संबंधितांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मागच्या नूतनीकरणाच्या वेळी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला गेला, दिवे, इंडिकेटर, वायपर आणि हॉर्न चालतात का ते पाहिले गेले, विमा आणि पीयूसी यांची कागदपत्रे तपासली गेली आणि काम संपले. गाडीखाली कोणी वाकून पाहिले नाही, ब्रेक मोजले नाहीत, स्टीअरिंगचे सांधे हलवून पाहिले नाहीत. पीयूसीचा उपयोग मी नाकारत नाही. धुराच्या ‘भारत स्टेज दोन’ या मानकाच्या आधीच्या निकषांवर बनलेल्या पेट्रोल मोटारीला इंजिन आयडलवर असताना धुरात तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे आणि त्यानंतरच्या गाडीला त्याहून बरीच कमी, म्हणजे प्रत्येक गाडीला तिच्या घडणीच्या निकषाने जोखण्याचे तत्त्व कायद्याने इथे मान्यच केलेले आहे. कार्ब्युरेटर स्वच्छ असला, एअर फिल्टर वेळेवर बदलला, प्लगचे अंतर नीट ठेवले आणि मिश्रणाचा स्क्रू जागेवर बसवला की जुनी गाडी ही मर्यादा सहज पाळते. धुराची अशी मोजणी होते, मग ब्रेकची का होऊ नये?

स्वतः पाना हाती घेऊन गाडी उघडणाऱ्याला ठाऊक असते की जुन्या गाडीचे इंजिन सहसा शेवटी जाते. आधी रबर जाते, मग पत्रा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच अपेक्षा १४० अंशांवर उतरते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेक सतत तापतात, जुनाट ऑइलमध्ये वाफ धरते आणि पॅडल एकाएकी तळाला जाते. हे टाळण्यासाठी दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे पुरेसे असते आणि ते काम घरी करता येते. एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने ब्लीडरला (चाकाजवळच्या ऑइल सोडण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तो थोडा सैल करायचा, पॅडल सोडण्यापूर्वी तो पुन्हा आवळायचा, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने चारही चाकांना बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहायचे. मागचा ड्रम काढला की व्हील सिलिंडरच्या (ब्रेक शू ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) रबरी टोपीआड ओल दिसते का ते पाहावे. तिथे ओल असेल तर शू बदलून उपयोग नसतो, सिलिंडरचे सीलच बदलावे लागतात. जुन्या ब्रेक शूंमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून वा हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आणि ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांना आग्रहाने सांगतो की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. सपाट जमिनीवर स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे.

गंजाविषयी तर तपासणीत एक अक्षरही विचारले जात नाही. मारुती ८०० सारख्या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. तो दारांच्या तळाशी सडला तर केवळ वाईट दिसतो. मागच्या सस्पेन्शनच्या जोडापाशी, बॅटरीखाली किंवा सीट बेल्ट जिथे बसवलेला असतो तिथे सडला, तर अपघातात माणसाचा जीव जातो. वरून लांबी (पुटी) भरून रंग मारला की डोळ्यांना काही कळत नाही. साधे लोहचुंबक फिरवले तर लांबी भरलेल्या जागी ते धरत नाही, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर सडलेला पत्रा बद्द आवाज देतो. दहा हजार रुपये घेणाऱ्या यंत्रणेला एवढी तपासणी जड जाऊ नये. ज्या गाडीचा सांगाडा असा गेला आहे ती भंगारात निघावी, मग ती बावीस वर्षांची असो वा बारा. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन भंगार धोरणाला माझा विरोध नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर जशी वयाची बंदी आली तशी आपल्या राज्यात नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण वयानुसार शुल्क चढवत नेणे हा त्याच विचाराचा सौम्य प्रकार आहे, असे मला वाटते. सडकी गाडी आणि निगुतीने राखलेली गाडी या दोन्ही त्यात एकाच दराने मोजल्या जातात, आणि ज्याने ब्रेकवर खर्च केला त्याला त्याचा काहीच लाभ होत नाही.

इंधनाचा प्रश्न याहून नवा आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतील अशी चिंता होती; शिसे हवेतून गेले हे मुलांच्या आरोग्यासाठी अत्यावश्यकच होते. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि या मिश्रणासाठी योग्य सामग्रीच्या गाड्या सर्वसाधारणपणे एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. त्यापूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (पडदा), होज पाईप आणि गॅस्केट यांचे रबर इथेनॉलला तोंड देण्याच्या हिशेबाने बनवलेले नव्हते. ते फुगते किंवा कडक होऊन चिरते, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकणे हा थेट आगीचा धोका आहे. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकते. शिवाय कार्ब्युरेटरला ऑक्सिजन सेन्सर नसल्याने तो हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आपोआप सुधारू शकत नाही. इथेनॉलमुळे त्यात हवेचे प्रमाण गरजेपेक्षा वाढते, गाडी चढावर अडखळते आणि जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) किंचित मोठा करावा लागतो. ऊस उत्पादकाच्या हिताचा विचार मी कोल्हापुरात राहून नाकारू शकत नाही. तरीही पंपावरच्या यंत्रावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत ठळक लिहिलेले असावे आणि प्रत्येक शहरात निदान एका पंपावर कमी इथेनॉलचे पेट्रोल जास्त दराने का होईना मिळावे, ही मागणी अवास्तव नाही. तोपर्यंत जुन्या गाडीच्या मालकांनी होज पाईप इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचे घालून घ्यावेत आणि दर पावसाळ्यापूर्वी ते वाकवून, चिरा पडल्या आहेत का ते पाहावे.

सुटे भाग मिळत नाहीत म्हणून जुनी गाडी ठेवू नये, असे सांगितले जाते. ते सरसकट खरे नाही. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पण तेच ७९६ सीसीचे इंजिन असलेली ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे इंजिनाचे भाग आजही दुकानात मिळतात. प्रीमियर पद्मिनीवाल्यांची स्थिती अवघड आहे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली, आणि टॅक्सीवाल्यांच्या मागणीवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जो बाजार टिकला होता त्याचा आधार गेला. तरीही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुना नमुना नेऊन दिला की लेथवर बुश (सांध्यात बसणारी कडी) कातून मिळतो, घासलेला ड्रम मापात राहत असेल तर साफ करून मिळतो. हे कसब शहरात शिल्लक आहे ते दुरुस्तीला गिऱ्हाईक आहे म्हणून. नव्या गाडीत बिघाड झाला की पूर्ण असेंब्ली बदलतात. जुन्या गाडीत एक सील किंवा एक बुश बदलतो, आणि ते काम मालकाला स्वतः समजून करता येते. बनावट भागांचा धोका मात्र मोठा आहे. ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर यांत स्वस्ताच्या मागे जाऊ नये. टायरच्या बाजूवर शेवटच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला ते लिहिलेले असते, ते वाचून मगच विकत घ्यावा.

घरी दुरुस्ती करणाऱ्यांवर एक आक्षेप योग्यपणे घेता येतो आणि तो वापरलेल्या इंजिन ऑइलचा. छोट्या मोटारीतून प्रत्येक खेपेस तीन लिटरच्या आसपास काळे ऑइल निघते. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. प्रत्यक्षात ते गटारात जाते, भट्टीत जळते, स्लॅबच्या सेंटरिंगच्या पाट्यांना लावले जाते किंवा वाळवीसाठी वाशांना चोपडले जाते. मी ते झाकण घट्ट लावलेल्या डब्यात साठवून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन देतो, पण ज्याची अशी ओळख नाही त्याने ते कुठे द्यावे? ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर २०२४ पासून वापरलेले ऑइल पुनर्प्रक्रियेस जाईल हे पाहण्याची जबाबदारी नियमाने आली आहे. त्या जबाबदारीखाली महापालिकेच्या प्रत्येक विभागात किंवा मोठ्या पेट्रोल पंपावर एक पिंप ठेवले आणि पाच लिटरपर्यंतचे ऑइल विनामूल्य स्वीकारले, तर पंचगंगेत जाणारा हा वाटा थांबवता येईल. रेडिएटरचे कूलंटही तिथेच घ्यावे, कारण ते चवीला गोड असून कुत्र्यामांजरांसाठी जीवघेणे असते.

जर्मनीत खासगी मोटारीची साधारणपणे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते, तीत ब्रेक, स्टीअरिंग, दिवे, धूर आणि गंज हे सारे पाहिले जाते आणि तीस वर्षांपुढच्या मूळ स्थितीतल्या मोटारीला वेगळी नंबर प्लेट मिळते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘विंटेज’ दर्जा दिला, पण त्या रोजच्या वापरासाठी नाहीत. पंधरा ते पन्नास वर्षे या मधल्या पट्ट्यात रोज चालणाऱ्या असंख्य मध्यमवर्गीय गाड्या आहेत आणि त्यांच्या मालकांना शुल्काच्या पावतीपलीकडे काही मिळत नाही. राज्यात स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत, रोलरवर ब्रेक मोजण्याची यंत्रे तिथे आहेत. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीला तिथे दर पाच वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी, माफक शुल्कात बोलवावे. प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो, डाव्या-उजव्यात फरक किती, सांगाड्याला गंज कुठे आहे, सांध्यांत ढिलाई किती आहे आणि धूर किती आहे हे आकड्यांत लिहिलेला मराठी अहवाल मालकाच्या हाती द्यावा, आणि जी गाडी नापास होईल तिला दुरुस्तीसाठी मुदत देऊन पुन्हा तपासावे. असा अहवाल हाती असेल तर मला पुढच्या महिन्यात कोणता पाना उचलायचा ते कळेल, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्या तरुणाला रंगाखाली काय आहे ते पैसे देण्यापूर्वी समजेल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर