तो बुरूज नव्हे, चुनाभट्टी

सोलापूरजवळच्या जुन्या इनामी मळ्यातील पडक्या गोल बांधकामाला टेहळणीचा बुरूज ठरवणारी बातमी वाचली. ते पटत नाही. छायाचित्रात जंग्या (बंदुकीचा मारा करण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोके) नाहीत, जिना नाही. उलट तळाशी कमानीचे तोंड आहे आणि आतले दगड भाजून काचेसारखे चकाकत आहेत. ही चुनाभट्टी असावी. ती उताराला टेकून बांधतात, म्हणजे वरून चुनखडी व कोळशाचे थर भरता येतात आणि खालच्या तोंडातून कळीचा चुना, म्हणजे भाजून तयार झालेला चुना, ओढता येतो. चुनखडी भाजायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागते; पहारेकऱ्यांच्या शेकोटीने दगड असा वितळत नाही. जवळपास चुना मळण्याच्या घाण्याचा गोल चर किंवा दगडी चाक आहे का, तेही शोधावे. तळातला राडारोडा मात्र जाणकारांनी पाहण्याआधी कृपया उपसू नये. राख आणि अर्धवट भाजलेले खडे त्यातच सापडतील.

– एक वाचक, सोलापूर