रामबागेतल्या आमच्या गल्लीची वही लिहिणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुमचा नंबर माझ्या जुन्या मोबाइलबरोबर गेला. घरोघर कचरा वेगळा करायला शिकवायचं संस्थेचं ते काम संपल्यावर तुम्ही कुठे गेलात हे वॉर्डाच्या दरोगांनाही, म्हणजे सफाईवर देखरेख करणाऱ्यांनाही, सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. इंदूरच्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या तरी हातून ते तुमच्यापर्यंत पोचेल, अशी आशा आहे.

निमित्त माझ्या पुतणीचं. ती महाराष्ट्रात एका नगरपालिकेत कामाला आहे. तिच्या गावात घरोघरचा सुका कचरा वेगळा उचलून पुढे कारखान्यांकडे पाठवायची योजना आखायचं काम तिच्याकडे आलं आहे. दिवाळीला आली तेव्हा कागद-पेन घेऊनच बसली. “काकू, देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत तुमचं इंदूर 2016 मध्ये पंचविसावं होतं आणि 2017 मध्ये एकदम पहिलं. गाड्या किती घेतल्या? डबे कोणी दिले? सांग ना.” मी तिला ऐकून-वाचून माहीत होतं ते सांगितलं. जानेवारी 2016 मध्ये आधी फक्त दोन वॉर्डांत कचऱ्याची गाडी घरोघर फिरवून पाहिली, मग वर्षभरात पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी वॉर्ड धरले. तिने लिहून घेतलं. पुढे बोलायला लागले, तर प्रत्येक वाक्यात तुम्हीच येत होतात. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही येत होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की या बाईचे आपण कधी आभारच मानले नाहीत.

तुम्ही आलात ते त्या वर्षीच्या पावसाळ्यात. आधीही बरेच जण येऊन गेले होते. पत्रक द्यायचे, ओला-सुका वेगळा करा म्हणायचे आणि पुढच्या दाराला जायचे. तुम्ही मात्र ओटल्यावर बसलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, “काकू, तुमच्याकडे नळ किती वाजता येतो?” कचऱ्याच्या कामासाठी आलेली बाई नळाचं काय विचारते, असं मला वाटलं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, आणि आमच्या गल्लीत ते सकाळी साडेसहा ते साडेसात. त्या तासाभरात साक्षात देव दारात आला तरी बाई बाहेर येणार नाही, कारण टाकी, हंडे, बादल्या, सगळं तेव्हाच भरायचं असतं. गाडीची आधी ठरलेली वेळ होती पावणेसात. तुम्ही वहीत आमच्या त्रेचाळीस घरांची वेळ मांडलीत. कोणाचा नळ कधी, कोण सकाळी सातला दुकान उघडायला जातं, कोणत्या खोलीत भाडेकरू मुलं रात्रपाळी करून सकाळी झोपतात, कुठे एकटी म्हातारी आहे जिला पायऱ्या उतरवत नाहीत. मग ड्रायव्हरला बरोबर घेऊन, कचरा न उचलता, रिकामी गाडी गल्लीतून फिरवलीत आणि घड्याळ लावून मिनिटं मोजलीत. शेवटच्या वळणावर दोन स्कूटर आडव्या लागतात म्हणून गाडी मागे घ्यावी लागते, तेही लिहिलंत. गाडीची वेळ आठ वाजून दहा मिनिटं झाली. आजही तीच आहे.

पुतणीला मी हेच सांगितलं. गाडी केव्हा येणार हे माहीत असलं, की माणूस डबा घेऊन उभा राहतो. माहीत नसलं, की तो डबा कोपऱ्यावर रिकामा करून मोकळा होतो. तिने हे अधोरेखित केलं.

कोपऱ्यावरून आठवलं. गणपतीच्या देवळाकडे वळताना जी कचरापेटी होती, ती आधी उचला म्हणून आमच्यातले काही जण तुमच्यामागे लागले होते. माझे यजमानही त्यात होते. तुम्ही ऐकलं नाहीत. आधी गाडी महिनाभर एक दिवस न चुकता आली पाहिजे, मग पेटी, असं म्हणालात. मधे दोन दिवस गाडी बिघडली आणि आली नाही, तेव्हा लोकांनी सगळा राग तुमच्यावर काढला. गाडी काही तुमची नव्हती. तरी त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी तुम्ही घरोघर येऊन गेलात, आणि तिसऱ्या दिवशी गाडीच्या पुढे चालत आलात. पेटी गेली त्यानंतर तीन रात्री तुम्ही त्या कोपऱ्यावर अकरापर्यंत उभ्या होतात. पिशवी घेऊन येणाऱ्याला तुम्ही कधी ओरडला नाहीत. “भैय्या, सकाळी आठ दहाला या, मी स्वतः घेईन,” इतकंच. मी खिडकीतून बघत होते. चहा घेऊन खाली यायला हवं होतं, तेही केलं नाही.

आता जे सांगायला मला अजून जड जातं ते. तो आरतीच्या काचेच्या झाकणाचा प्रसंग. फुटलेलं झाकण मी सुक्याच्या पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, तसंच टाकलं, वर वर्तमानपत्र ठेवलं. हेल्परने पन्नी हातात घेऊन दाबली आणि काच तळव्यात शिरली. मला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, त्या मुलाला बरोबर घेऊन. त्याच्या हाताला पट्टी होती. तुम्ही मला दोष दिला नाहीत. फक्त म्हणालात, “काकू, यांना तुमच्या घरातलं काय कसं बांधलंय ते कळायला हवं.” आणि माझ्याच स्वयंपाकघरात बसून काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, सुतळीने बांधून, वर लाल पेनाने फुली कशी करायची ते दाखवलंत. त्या मुलाची मी तेव्हा माफी मागितली. तुमची राहून गेली, ती आज मागते.

त्याच दिवशी तुमची नजर सासूबाईंच्या खोलीकडे गेली. त्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. डायपर मी चार पन्न्यांत गुंडाळून ओल्या कचऱ्याच्या तळाशी दडवत होते, वर भाजीची देठं पसरून. लाज वाटायची. गाडीवरच्या मुलांसमोर ती पिशवी वेगळी कशी द्यायची? तुम्ही दार लोटून घेतलंत आणि हलक्या आवाजात समजावलंत. गाडीला त्यासाठी वेगळा कप्पा आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून फुली केली की कोणी उघडत नाही, कोणी विचारत नाही. औषधांच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. सासूबाई गेल्या त्यानंतर चौदा महिन्यांनी. त्या चौदा महिन्यांत माझ्या मनावरचं एक ओझं तुम्ही उतरवलं होतंत, हे तुम्हाला कळलंही नसेल.

आणि ट्रान्सफर स्टेशन, गल्लीतल्या गाड्या जिथे कचरा रिकामा करतात ते! आम्हा सहा जणींना तुम्ही रिक्षात बसवून नेलंत. तोवर आमची समजूत अशी, की पुढे जाऊन सगळं एकच करतात, मग आपण कशाला वेगळं करायचं. तिथे आपली पिवळी गाडी उतारावरून वर चढली, वजनकाट्यावर थांबली, ओलं एका मोठ्या डब्यात उलटलं, सुकं दुसऱ्यात. डोळ्यांनी पाहिल्यावर वाद संपला. घरी येताना मालतीबाई काय म्हणाल्या हे तुम्हाला आठवत असेल. (नाव बदललं आहे, त्या रागावतील.) “म्हणजे आपण खरंच देतोय,” असं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दोरीवर कपड्यांच्या शेजारी दुधाच्या धुतलेल्या पिशव्या वाळायला लागल्या.

त्या पिशव्यांचं तुम्ही शिकवलेलं मी पुतणीला जसंच्या तसं दिलं. कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, चीर देऊन तुकडा पिशवीलाच राहू द्यायचा, कारण तो एवढासा तुकडा नालीत जातो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी आधी विसळायची, ते पाणी झाडाला घालायचं. पोह्यांचा तेलकट कागद सुक्यात टाकला, की आजूबाजूचा चांगला कागदही तेल पितो आणि त्या कागदाचा लगदा कोणी घेत नाही. सुकं म्हणजे खरोखर कोरडं. उलट ओल्यात पन्नी गेली, की पुढे खताचा आणि गॅसचा घोटाळा. हे दोन्हीकडचं नुकसान तुम्ही आमच्याच घरातल्या दोन पातेल्यांवर समजावलं होतं. अटालेवाल्याचा, म्हणजे भंगारवाल्याचा, प्रश्नही तुम्हीच आधी विचारात घेतला होता. रद्दी आणि बाटल्या आम्ही त्याला विकायचो, त्या त्यालाच विकत राहा म्हणालात, त्याचं पोट आहे. गाडीत जे तो घेत नाही ते द्या. माझ्या पुतणीच्या आराखड्यात अटालेवाला नव्हताच. आता आहे.

तुम्ही गेल्यानंतर काय काय झालं हेही सांगते. महाशिवरात्रीला देवगुराडियाला दर्शनाला जायचं म्हणजे नाकाला पदर लावूनच, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा, म्हणजे शहराच्या कचरा टाकायच्या जागेवरचा, सुमारे तेरा लाख टनांचा कचऱ्याचा जुना डोंगर 2018 संपेपर्यंत चाळून-वेगळा करून हलवला. जवळपास शंभर एकर जागा मोकळी झाली, तिथे झाडं लागली. त्यानंतरच्या महाशिवरात्रीला मी पदर खांद्यावरच ठेवून गेले. 19 फेब्रुवारी 2022 ला तिथेच ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा कारखाना सुरू झाला, रोजचा साडेपाचशे टन ओला कचरा घेणारा. त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. बसमध्ये बसले की मला माझ्या भाजीच्या देठांची आठवण येते, आणि मग तुमची. गाडीला आता सहा कप्पे झाले आहेत. प्लास्टिक वेगळं, जुने चार्जर-सेल वेगळे. सुकं निवडायच्या पट्ट्यावर पूर्वी उकिरड्यावर वेचणाऱ्या कितीतरी बाया आता हातमोजे घालून काम करतात, हे मी तिथे जाऊन पाहिलं. एकीने मला विचारलं, तुम्ही कुठल्या गल्लीतल्या? मी सांगितलं, तेव्हा तिला गल्ली माहीत नव्हती. पण मला सांगताना छाती भरून आली होती.

शहराला बक्षिसं मिळाली, भाषणं झाली, पाट्या लागल्या. मोठ्या माणसांचं श्रेय मोठ्यांना, ते त्यांचं आहेच, त्यांनी हिंमत केली. पण आमच्या त्रेचाळीस घरांपुरता शहराचा आराखडा तुमच्या वहीत होता, आणि ती वही पायी फिरून भरली होती. तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपलं. तुम्ही सांगायला आलात तेव्हा माझ्याकडे पाहुणे होते. मी दारातूनच “बरं बरं, या हं” म्हटलं. ते मला फार लागून राहिलं आहे.

पुतणी तुम्हाला भेटू इच्छिते. तिला तुमच्या वहीतले रकाने हवे आहेत, मी आठवून सांगितले तेवढे तिने उतरवले आहेत, पण शेवटचे दोन मला आठवत नाहीत. एकात तुम्ही कुत्रं आहे का ते लिहायचात बहुतेक.

घर तेच आहे, निळा दरवाजा आता हिरवा झाला आहे. या वर्षी गौरी जेवायला नक्की या. पुरणाचा स्वयंपाक असतो, संकोच करू नका, आणि सकाळीच या, म्हणजे आठ दहाच्या गाडीवरचा तो हेल्परही भेटेल. तो आता ड्रायव्हर झाला आहे. तळव्यावरची खूण त्याने मला परवाच दाखवली आणि म्हणाला, ताई दिसल्या तर माझा नमस्कार सांगा.

तुमची,
रामबागेतली, ओटल्यावरची काकू