घरी कार्बन फायबर करताय? आधी मास्क आणा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गाडीचे पार्ट घरीच कार्बन फायबरमध्ये बनवायचं वेड हल्ली वाढलंय, चांगलंच आहे, पण जो तो ती चकचकीत काळी वीण दाखवतो, धुळीबद्दल कोणी बोलत नाही. कडा कापताना, घासताना जी बारीक पूड उडते ती अंगाला खाजते ते एक वेळ सोडा, पण श्वासातून आत जाते आणि नाकाला रुमाल बांधून ती थांबत नाही, नीट बसणारा मास्कच लागतो, आणि पाणी मारून घासलं तर उडते पण कमी. इपॉक्सीचीही, म्हणजे फायबरच्या कापडाला लावायच्या रेझिनचीही, तशीच काळजी घ्या, ते घट्ट करायला त्यात मिसळायचा हार्डनर वजनकाट्यावर मोजूनच घ्यायचा. जास्त टाकला की लवकर सुकतं हा निव्वळ गैरसमज, उलट पार्ट कच्चा राहतो! आणि डबाभर एकदम कालवून ठेवलंत तर ते आपोआप तापतं, पार धूर निघेपर्यंत. आरशाचं कव्हर, स्पॉयलर करा की हौसेने, वरून यूव्हीवाला क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर मारा म्हणजे उन्हात लवकर पिवळं पडणार नाही. बोनेट मात्र विचार करून, लॅचची, म्हणजे बोनेट अडकवायच्या खटक्याची जागा कच्ची राहिली तर वेगात उघडून थेट काचेवर येतं. आणि हलकं करायच्या नादात बंपरमागचा लोखंडी बीम तर काढूच नका प्लीज.

– एक वाचक